खंडेनवमीचं कुंकू

मुख्याध्यापकांनी कुंकवाचा करंडा पुढे केला, पण नववीतली तेजल जागची हलली नाही.

टेबलावर झेंडूची माळ घातलेला थ्रीडी प्रिंटर होता. गेल्या वर्षी शाळेला मिळाल्यापासून त्याच्यावरचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं. "बिघडला तर?" एवढंच सर म्हणायचे.

"सर, आम्हाला यावर मिक्सरची बटणं बनवायचीत. गावात घरोघरी तुटलीत. बाया विकत घेतील."

"शाळेत दुकान मांडायचंय?"

"हो."

सरांचा आवाज चढला. "आज खंडेनवमी आहे. आज यंत्राची पूजा करतात, ते चालवत नाहीत."

"माझी आई आज शिलाई मशीन बंद ठेवते, कारण ते वर्षभर राबतं. हा कधी राबला?"

तिने माळ उतरवली, प्लास्टिक ओढून काढलं आणि स्वतः केलेल्या डिझाइनचा पेनड्राइव्ह लावला. सर 'नको' म्हणेपर्यंत प्रिंटर घरघरू लागला होता.

बऱ्याच वेळाने पहिलं बटण निघालं, कडेला जरासं वाकडं. सर अजून करंडा धरूनच उभे होते. तेजलने बटण त्यांच्या दुसऱ्या तळहातावर ठेवलं आणि करंडा आपल्या हातात घेतला.

"आता लावते कुंकू."