पुन्हा होणे नाही

"अगं, पाकिटातलं दगडफूल कुठंय?"

"मसाल्यात घातलं. पाकिटावर तुम्हीच ठसठशीत 'दगडफूल' लिहिलंत ना?" बायको म्हणाली.

लिहिलं होतं खरं. वर्गात शास्त्रीय नावं घोकून घेणाऱ्या मास्तराला घरी मराठीचा पुळका आला होता. रस्त्यासाठी फोडलेल्या कातळावरचा तो एकमेव नमुना. जात नवीन निघाली, तर तिला माझं नाव लागणार होतं. उद्या पुण्याचे तज्ज्ञ खास तपासायला येणार होते.

मसाला देवळातल्या महाप्रसादाच्या आमटीत गेला होता. सकाळच्या कीर्तनात बुवा 'मीपण सोडा' म्हणाले, तेव्हा सर्वांत जोरात मान मीच डोलावली होती.

पंगतीत बुवांनी भुरका मारला. "मास्तर, अशी आमटी पुन्हा होणे नाही!"

हे शास्त्रीयदृष्ट्या किती खरं आहे, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी आणखी एक वाटी मागून घेतली.