सरळ विचारांचं घर

रीनाताईंचं डोकं चौकटीला लागता लागता राहिलं.

"जपून हं," वृषाली म्हणाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसायला एकच बाज होती. तिच्यावरची गोधडी तिनं तळहातानं दोनदा सारखी केली.

"अहो, लाजता काय? गरिबीची कसली लाज?" रीनाताई टेकल्या. "घर बघायला येणं हा आमचा नियमच आहे. रागावू नका."

वृषालीनं मान खाली घातली. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. विरलेल्या साडीची, वरच्या पत्र्याची, चुलीमागच्या काळ्या भिंतीची.

रीनाताई नथमलशेठच्या सून. शेठचा ट्रस्ट दरवर्षी एका गरजू घरातलं एक मूल आपल्या शाळेत घ्यायचा. दहावीपर्यंत फी माफ, पुस्तकं माफ, आणि शाळेची जीप थेट दारात. वृषालीचा जीव त्या जीपमध्ये अडकला होता. पिंपळवंडीच्या या मळ्यातून डांबरी सडकेला जायचं म्हणजे दोन्ही अंगांना ऊस. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं, तेव्हापासून ती समर्थला अंगणातही एकटा सोडत नव्हती.

तिनं चहाचं आधण ठेवलं. काडेपेटी पटकन सापडेना. साखरेचा म्हणून डबा उघडला, तर आत हळद.

"पाहुणं आलं की गडबडतेच मी," ती हसली.

"पाणी देता का थोडं? ऊन कसलं आहे!"

वृषालीनं माठातलं पाणी तांब्यातून दिलं. रीनाताईंनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

"मला पण," समर्थ म्हणाला.

वृषालीनं पिशवीतून बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. "त्याला उकळलेलंच सांगितलंय डॉक्टरांनी."

"आई, टीव्ही लाव ना."

रीनाताईंनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"शेजारी बघतो हो कधीमधी," वृषाली घाईनं म्हणाली आणि त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

चहा एकाच कपात ओतला गेला.

"तुम्ही?"

"मला पित्त होतं."

रीनाताईंनी एक घोट घेतला. "आमच्या सासऱ्यांचं एक असतं बघा. परिस्थिती बघायचीच, पण माणसाचे विचारही विचारायचे. विचार सरळ, तर पोर सरळ, असं त्यांचं म्हणणं. तर सांगा, सरकार हल्ली एवढं फुकट वाटतं, ते तुम्हाला पटतं?"

हा प्रश्न वृषालीच्या घरचा होता. कॉलेजात याच विषयावर बोलून तिनं ढाल आणली होती.

"नाही पटत," ती म्हणाली. आवाज आपोआप सरळ झाला. "खरंच नडलेल्याला द्यावं. पण ज्याला हातपाय आहेत त्यानं हात पसरू नये. तिजोरी म्हणजे काय धर्मशाळा आहे? एकानं उगाच घेतलं, की दुसऱ्या गरजूच्या ताटातलं जातं."

रीनाताईंनी कप खाली ठेवला. "या खोलीत बसून हे म्हणताय तुम्ही! आमच्याकडे बंगल्यातली माणसं रेशनच्या रांगेत पुढं असतात. बरं, आणि जातपात?"

"ती मी मानतच नाही. माणसामाणसात भेद कसला? पैशाच्या बाबतीत मी जरा कडक आहे, पण बाकी आपले विचार मोकळे."

"मिस्टर काय म्हणतात?"

"भरत? तेही याच विचारांचे. टोमॅटोत असतात दिवसभर."

रीनाताई उठल्या, दारात थांबल्या. उसाच्या शेंड्यांवरून दोन मजली बंगल्याची गच्ची दिसत होती.

"तो कुणाचा हो?"

"मालकांचा."

"कशी आहेत माणसं?"

"बरी आहेत," वृषाली म्हणाली. तिचे कान तापले. "अडीनडीला असतात."

"नाहीतर मळेवाले मजुरांना कुठे विचारतात!" रीनाताईंनी समर्थच्या गालावर हात फिरवला. "आता एकच घर राहिलं. मंगल गवारी म्हणून कुणी बाई आहेत, मूळच्या तळेघरच्या. याच मळ्यांवर मजुरीला असतात म्हणे. मुलीसाठी अर्ज आहे त्यांचा. ओळखता?"

वृषालीनं समर्थला जवळ ओढलं. मंगलनं अर्ज केलाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

सडकेकडे जाणारी वाट समोर होती. दोन्ही अंगांना ऊस.

"ते गेले," ती म्हणाली. "वर, तळेघरला. भातलावणीला."

"परत येतील ना?"

"नाही यायचं म्हणत होते."

"अरेरे. पोरीचं नुकसान झालं." रीनाताईंनी पर्स खांद्याला लावली. "मग मी सासऱ्यांना समर्थचंच नक्की सांगते. आणि खरं सांगू? ती बाई असती, तरी मी तुमचंच नाव सांगितलं असतं. असे विचार ऐकायला मिळत नाहीत हल्ली."

गाडीचा आवाज सडकेला लागेपर्यंत वृषाली दारातच उभी राहिली. मग आत येऊन तिनं गोधडीची घडी घातली, बाटली पिशवीत टाकली आणि पदराच्या गाठीतल्या पाटल्या काढून हातात चढवल्या. उष्टा कप उचलावा म्हणून हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"आई, घरी जायचं आता?"

ती समर्थचं बोट धरून बाहेर आली. उसाच्या कडेला एक बाई इतका वेळ उकिडवी बसली होती, ती लगबगीनं उठली. तिच्याबरोबर केसांना चप्प तेल लावलेली, धुतलेल्या फ्रॉकातली मुलगी होती.

"वैनी, गेल्या का तुमच्या पावण्या?" मंगल म्हणाली. "मंग आमी घरात शिरतो बाई. भागूच्या शाळंसाठी बी कोन बाई यायच्यात आज, आमचं घर बघाया."