तीन चमचे साखर

बाटलीच्या तोंडावरची लाख रसिकाने सुरीने खरवडली आणि बूच हळूच ओढलं. द्राक्षांची ती ब्रँडी पिंपात वीस वर्षं मुरलेली होती. बाबांनी जहाजावरून आणली तेव्हाच बजावलं होतं, रसिकाच्या लग्नाशिवाय ही फोडायची नाही. आज ती त्यांच्याच बाराव्याला फुटली.

रसिकाचे बाबा गुरुदास जहाजावरच्या बारमध्ये कामाला होते. बारा वर्षांपूर्वी मुंबई बंदरात उतरले, ते देवबागला घरी पोचलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, देवाला कौल लावून झाला. बारा वर्षं भरल्यावर भटजींनी दर्भाचा पुतळा करवला आणि त्याला अग्नी दिला.

रसिकाची आई मथुरा या विधीला तयारच नव्हती. रसिकाच हट्टाला पेटली. तिशी उलटली तरी तिने लग्नाचा विषय काढू दिला नव्हता. बाबा येऊ देत, मग बघू. आता तिला थांबणं सोसवत नव्हतं. बाबांना नीट निरोप द्यायचा, म्हणजे आपणही सुटू, असं तिला मनापासून वाटत होतं.

शेवटी मथुरा एवढंच म्हणाली, “कर बाय. तू तरी मोकळी हो.”

मंगळसूत्र मात्र तिने काढलं नाही. शेजारच्या बायका कुजबुजल्या, मग गप्प बसल्या. इतकी वर्षं आशेवर काढलेली बाई एका दिवसात कशी बदलणार? महिन्यातून एकदा पाठीच्या औषधाला कणकवलीला जायची, तेवढंच तिचं घराबाहेर पडणं.

रसिकाने कडक कॉफी गाळून गार केली. स्टीलच्या बरणीत बर्फ टाकला, त्यावर दोन मापं ब्रँडी, एक माप कॉफी आणि तीन चमचे साखर. झाकण घट्ट लावून बरणी जोरात हलवली. सुट्टीवर आले की बाबा अशीच करायचे आणि वरचा फेस बोटाने तिला चाटवायचे. “साखर तीन चमचे. एक दाणो कमी नको,” म्हणायचे.

“आये, फेस इलो बघ.”

मथुरा वडे तळत होती. तिने मान वर केली नाही.

माडाखाली पान ठेवलं. वडे, भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि शेजारी त्या कॉफी-ब्रँडीचा ग्लास. कावळे कौलांवर बसून राहिले. अर्धा तास गेला, तास गेला.

“तेचा मन कशात तरी अडाकला हा,” चुलतकाका भिकाजी म्हणाले. “कबूल कर गो काय ता.”

रसिकाने हात जोडले. “बाबा, मी लगीन करतंय. आयेक सांभाळतंय. आता जावा.”

एक कावळा खाली उतरला, पानाभोवती फिरला आणि उडून गेला.

रसिकाला रडू फुटलं. बारा वर्षं वाट पाहिली, आणि बाबा तिच्या हातचं घ्यायला तयार नव्हते. नक्कीच चव चुकली होती. ग्लास उचलून ती तरातरा स्वयंपाकघरात आली आणि साखरेच्या डब्यात चमचा घातला.

मथुराने तिचं मनगट धरलं. पहाटेपासून चुलीपुढे उभी राहून ती पार थकून गेली होती.

“नको गो,” ती म्हणाली. “तेंका साखर चलना नाय. गेल्या दिवाळीपासून इन्शुलिन घेतत.”