डाव्या हाताचं फुलपाखरू

बागेच्या फाटकाशी मुलांचे चेहरे रंगवण्यात रंगारीकाकांचा उभा जन्म गेला. मग अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला. तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. रोज चहा झाला की काकूंना समोर बसवायचं आणि डाव्या हाताने त्यांच्या गालावर फुलपाखरू काढायचं, असा नेमच धरला. वर्ष सरलं. एका सकाळी दोन्ही पंख सारखे उतरले. काकू हरखल्या आणि गाल न पुसताच भाजीला गेल्या. परतल्या तेव्हा काका दारातच उभे होते. "कुणी काही बोललं का गं?" "भाजीवाली म्हणाली, नातवाने रंगवलंय वाटतं." दोघांना मूलबाळ नव्हतं. "मग तू काय म्हणालीस?" "हो म्हटलं. लहान आहे, आत्ता कुठे शिकतोय." त्यानंतर काकांनी ब्रशला हात लावला नाही. काकू मात्र रोज चहा झाला की गाल पुढे करून बसतात.