पाचवं वर्तुळ

"इथं अडगळीची खोली असं लिहिलंय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं नकाशावर बोट ठेवलं. "इथं मी राहतो."

बाग आखून देणारी बाई जागच्या जागी कानकोंडी झाली. नकाशा तिनंच काढला होता, तीन आठवडे खपून, पाच रंग वापरून. मुलानं तो मोठ्या हौसेनं बापाच्या पलंगावर पसरला होता. बाप जन्मभर मोजणी खात्यात जमिनी मोजत आलेला, नकाशा बघून त्याला बरं वाटेल असा मुलाचा अंदाज होता. तो अंदाज काही चुकला नव्हता. डावं अंग लुळं पडलेला तो माणूस उजव्या हाताच्या बोटानं कुंपणापासून एकेक रेघ तपासत आला होता आणि आपल्याच दारात येऊन थांबला होता.

"अहो बाबा, लिहिताना चुकलं असेल," सून म्हणाली. ती उभीच होती. खोलीत खुर्ची एकच आणि तिच्यावर औषधांचा डबा.

लिहिताना काही चुकलं नव्हतं. बाईची पद्धतच तशी होती. पर्माकल्चर की काय म्हणतात, निसर्गाच्या कलानं बाग करायची रीत, त्यातली ती जाणकार; कुठल्याही घरी गेली की आधी झाडाचं नावच काढायची नाही. घरच्यांना एक कागद द्यायची. आठ दिवस, अंगणात जो जिथं जाईल तिथं त्यानं रेघ मारायची. रेघा मोजून ती वर्तुळं काढायची. रोज दहादा पाय पडतो ते पहिलं, तिथं लाडावलेली नाजूक रोपं. मग दुसरं, तिसरं. आणि जिथं कुणी फिरकतच नाही ते पाचवं. तिथं खुशाल रान माजू द्यायचं, तेवढंच बेडकांचं भलं.

या घराच्या कागदावर स्वयंपाकघराच्या दाराशी दीडशे रेघा होत्या. मागच्या अंगणापलीकडच्या या खोलीकडे आठ दिवसांत एकही नव्हती. दार लोटलेलं, पडदा ओढलेला. तिला अडगळ वाटली यात तिचा काय दोष? तिनं त्या खिडकीसमोरून उंच, दाट झुडपांची रांग ओढून दिली होती.

"सांभाळणाऱ्या मावशी येतात ना दोन वेळा," मुलगा घाईनं म्हणाला. "जेवण, औषध, सगळं वेळेवर. त्यांच्या रेघा मारायच्या राहिल्या. आणि घरात पायऱ्या आहेत, म्हणून बाबा इथं. हो ना बाबा?"

"हो, पायऱ्या आहेत," म्हातारा म्हणाला. त्यानं मुलाला सांभाळून घेतलं. शेवटी बाप तो.

बाईला फार वाईट वाटलं. "मी बदलते सगळं," ती म्हणाली. "झुडपं काढून टाकू. खिडकीपाशी फुलं लावू, तुम्हाला आवडतील ती."

"फुलांकडं रोज यावं लागतं?"

"छे! आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे."

"मग रोज कशाकडं यावं लागतं?"

"कंपोस्टकडं," बाई म्हणाली. जुना कामाचा माणूस, कुतूहल असणार, असं तिला वाटलं. "स्वयंपाकघरातला ओला कचरा. त्याला एक दिवस सुट्टी नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, रोज टाकायचा, वर पालापाचोळा पसरायचा."

"ते माझ्या खिडकीखाली करा."

सून हसलीच. "काहीतरीच काय बाबा! उशाशी उकिरडा? वास येईल, माशा येतील."

"लोक तोंडात शेण घालतील आमच्या," मुलगा म्हणाला.

"घालू देत. माशा येऊ देत. खिडकीखाली करा."

तेव्हा कुठं बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि पडला तो नुसता चटका देऊन गेला, कारण तिच्या हातात काहीच नव्हतं. हो म्हणायला तिचं काय जात होतं? कागदावर कंपोस्टचा चौकोन स्वयंपाकघराच्या दाराशेजारून इथं. पण बारा वर्षांत तिनं असे कंपोस्टचे लांबचे खड्डे पुष्कळ पाहिले होते. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी बादली ओट्याखालीच भरून राहते. आणि त्या दहाव्या दिवसापासून हा माणूस खिडकीशी कान लावून पडून राहणार. तेवढं खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"आजोबा, खरं सांगू?" ती म्हणाली. "लांब ठेवलं की कुणी येत नाही. माणसं चांगली असली तरी येत नाहीत. पायांना पडलेली वाट मोडत नाही. म्हणून आम्ही माणसांना बदलायच्या भानगडीत पडत नाही. ज्याला रोज कुणीतरी लागतं, ते उचलून त्यांच्या वाटेवर नेऊन ठेवतो. आमचा पहिला नियमच आहे तो."

मुलानं चष्मा पुसायला घेतला. सून औषधांचा डबा उघडून बंद करत राहिली. दोघंही वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर बाईला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

म्हाताऱ्यानं खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचं अंतर दोन बोटांत धरलं आणि नकाशाच्या मापाशी ताडून पाहिलं. "बेचाळीस पावलं," तो पुटपुटला. एका जाणकारानं दुसऱ्याचं काम तपासावं तसं त्यानं पुन्हा एकदा मोजलं आणि मान हलवली. नियमात खोट नव्हती.

त्यानं बाईकडून पेन्सिल मागून घेतली. स्वयंपाकघराच्या दाराशी, कंपोस्टच्या चौकोनाला अगदी लागून, त्यानं खाटेएवढा एक लांबट चौकोन काढला. माप बरोबर आलं.

"मग मला इथं ठेवा, कचऱ्याशेजारी," तो म्हणाला. "वासाचं मी बघून घेईन."