न घातलेली अट

ट्रकचं इंजिन सुरू झालं तेव्हा आदिनाथ सर शाळेच्या फाटकात यादी घेऊन उभे होते. शिरूर कासारजवळच्या चार वस्त्यांतली बासष्ट मुलं आणि दोन वसतिगृहं. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर कोणी कुठे राहायचं, ते सरांनी एक्सेलच्या सॉल्व्हरवर, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारी सर्वांत सोयीची वाटणी काढून देणाऱ्या साधनावर, सोडवलं होतं. खाटांची मर्यादा पाळायची, मुलांच्या प्रवासाचं एकूण अंतर कमीत कमी ठेवायचं. क्षणात उत्तर आलं होतं. सर खूश झाले होते.

ट्रकजवळ गेलेली संगीता दोन्ही मुलींना घेऊन परत आली.

"सर, आमची योगिता इथं, अन् संस्कृती तिकडं लांब. असं कावून?"

सरांनी यादीवर बोट फिरवलं. जवळच्या वसतिगृहात शेवटची एकच खाट उरली होती, ती बारा वर्षांच्या योगिताला मिळाली होती. सात वर्षांची संस्कृती वीस किलोमीटरवर, एकटी. भावंडं एकत्र राहावीत, ही अट घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"ताई, थोडं थांबा. आत्ता बदलून देतो."

"मुकादम थांबतोय व्हय!"

ट्रकमधून तिचा नवरा बजरंग हाका मारत होता. संस्कृतीने बहिणीचा हात घट्ट धरला होता. संगीताने खाली ठेवलेली दोघींची बोचकी उचलली.

"एकलीला ठिवून माझा जीव लागायचा न्हाई. दोघींना बी संगं नेते."

"अहो, पण शाळा..."

"मला कळत न्हाई का, सर?"

ट्रक गेला. सरांनी पायरीवरच लॅपटॉप उघडला, एक ओळ वाढवली आणि सॉल्व्हर पुन्हा चालवला. दोघींना एकत्र ठेवलं तर एकूण अंतर सहा किलोमीटरने वाढत होतं. फक्त सहा.

बजरंगचा फोन लागला तो तिसऱ्या दिवशी.

"दोघींची सोय झालीय एकाच ठिकाणी," सर घाईने म्हणाले. "मी स्वतः न्यायला येतो."

"लई लांब आलो, सर. अन् आता त्या कामाला लागल्या." मग फोन योगिताकडे गेला.

"मी मोळ्या बांधते, सर. संस्कृती उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करती." पलीकडे कोयत्यांचे सपासप आवाज येत होते. मग तीच सरांची समजूत घालत म्हणाली, "तुमी काळजी करू नका. आमी दोघी संगंच हावोत."