अर्थिंगची पिन
गोंदियाहून आणलेला नवा ॲम्प्लिफायर सारखा गुणगुणत होता, पण खेमराजला दोष दिसायचा बायकोच्या, टोमेश्वरीच्याच वस्तूंत. आधी त्यानं तिचा मिक्सर काढून ठेवला, मग फ्रिज बंद केला. दूध नासलं, गुणगुण थांबली नाही. आज शेजारच्या नवरीचा ब्लाउज अर्धा शिवून झाला असताना त्यानं शिलाई मशीनची वायरच ओढली. "तुह्या मोटरीनंच होऊन राहिलं हे." मशीन थांबली खरी, गुणगुण तशीच. टोमेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ॲम्प्लिफायरचा प्लग उपटला. तिसऱ्या पिनेच्या जागी पकडीनं तोडलेला खुंट होता. बटणांचा डबा उघडून तिनं झाडताना सापडलेली जाड पितळी पिन त्याच्या तळहातावर आपटली. "बोर्डात घुसत नव्हती म्हणून अर्थिंग तुमीच तोडली, त्यानंच हा गुणगुणून राहिला, आन् माहा फ्रिज कायले बंद केला?" तिनं मशीनची वायर परत लावून मशीन भरधाव सोडली. "आता माही गुणगुण आयका."